पौषात बंद राहणारी गोळी

इरा आणि निहार,

परवा व्हिडिओवर बोलताना इराने माझ्या तळहातावरची गोळी पाहिली. "आजी, ही कसली?" मी म्हटलं, कोलेस्टेरॉलची. "रोज घेतेस? कधीपासून?" निहार रांगत होता तेव्हापासून, असं सांगितल्यावर तिचे डोळे मोठे झाले. "इतकी वर्षं घेतली तर काही होत नाही?" तेवढ्यात तुमच्या दारात शाळेची बस आली आणि प्रश्न तसाच राहून गेला.

त्या प्रश्नाचं सरळ उत्तर डॉक्टरांनी द्यावं. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, औषधातलं मला कळत नाही. पण तुझा प्रश्न ऐकला आणि मला कुसुमवहिनींची फार आठवण आली. म्हणून हे लिहीत आहे. बाबांकडून वाचून घ्या, अडेल तिथे विचारा.

तुम्ही त्यांना एकदाच भेटलात. त्यांनी रांगणाऱ्या निहारच्या नाकाजवळ संत्र्याची साल पिळली, तो शिंकला, आणि त्या म्हणाल्या, "झालं, आता हा पांढुर्ण्याचा."

त्या आमच्या पांढुर्ण्याच्या घराशेजारच्या. त्यांच्या आणि आमच्या ओट्यामध्ये कमरेएवढी भिंत. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या म्हणून मी वहिनी म्हणायची. त्या मला मॅडम म्हणायच्या, पण बोलायच्या एकेरीत. "मॅडम, तुले काही समजत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता कोणी म्हणत नाही याचंच वाईट वाटतं.

तिगावच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग. यजमान लवकर गेले, मुलगा प्रमोद नोकरीसाठी नागपूरला, तेव्हा बाग त्यांनीच सांभाळली. उंच, काटक बाई. पायात पुरुषी चपला, हातात बांबूची काठी. ती काठी टेकायला नव्हती, माती उकरून ओल पाहायला होती. कोणाच्या अंगणात गेल्या तरी कुंडीत काठी खुपसून पाहायच्या आणि घरच्या बाईला म्हणायच्या, "पानी जास्ती होऊन राह्यलं वो." लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी तुळशीवृंदावनाची माती उकरलेली मी पाहिली आहे.

माणसंही त्या फळासारखी दाबून पाहायच्या. साल मोठी, सुटलेली आणि आतल्या फोडी सुकलेल्या, अशा संत्र्याला आमच्याकडे फोपसं म्हणतात. एक पुढारी आमच्या दारात मत मागायला आला, भरपूर बोलून गेला. त्याची पाठ वळताच वहिनी म्हणाल्या, "फोपसं." पुढे निवडून आल्यावर त्याचे मोठे मोठे फलक लागले, तरी आमच्या दोन घरांत त्याचं नाव तेच राहिलं.

आणखी एक. संत्रं त्या कधी एकट्याने खात नसत. साल एका लांब पट्टीत उतरवायची, फोडी मोकळ्या करायच्या, समोर असेल त्याला द्यायच्या, मग एक आपल्या तोंडात. समोर कोणी नसेल तर संत्रं खिडकीत ठेवून द्यायच्या. "एकटीनं खाल्लं तं ते फळ कायचं? ते औषध."

ऐन तोडीच्या दिवसांत, बागेत फळं निवडायला बसलेल्या असताना, त्यांना घाम फुटला आणि डावा हात जड झाला. त्या म्हणाल्या गॅस आहे, आणि निवडत राहिल्या. मजूर बायकांनी आरडाओरडा केला म्हणून तुमचे आबा गाडी घेऊन गेले आणि त्यांना नागपूरला नेलं. हृदयाची एक नळी बंद झाली होती. तिथे जाळी बसवली. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या. त्यातली एक रक्तातली चरबी कमी ठेवणारी. वहिनींनी हिंदीत विचारलं, "साहब, ये कितने दिन की है?"

"जब तक आप हैं, माताजी."

परतताना गाडीत, पांढुर्णा जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "जब तक आप हैं म्हणते! म्हणजे मी कधी जाते हे त्या गोळीले माहीत आहे."

त्यानंतरच्याच पावसाळ्यात त्यांनी बागेच्या पलीकडच्या रिकाम्या तुकड्यात नवी कलमं लावली. संत्र्याचं कलम फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात. प्रमोद नागपूरहून आला होता. तो म्हणाला, "आई, आता कायले? याले फळ येईन तवा तू..."

"तवा मी फळ खाईन. काहून? तू काय समजून राह्यला?"

तो हसला आणि खड्डे खणायला लागला. संध्याकाळी ओट्यावर त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मले या कलमांचा पहिला बहार पाह्याचा आहे. बस. त्याच्यानंतर मारुती म्हणन तसं."

त्या संध्याकाळपासून त्यांच्या जगण्याला एक मोजमाप मिळालं. कलमाला नवी पालवी आली की मला बोलावून दाखवायच्या. पहिल्या वर्षांत एखाद्या कलमाला चुकार फूल आलं तर खुडून टाकायच्या, झाडाचा जोर आधी वाढीला लागावा म्हणून. फूल खुडताना तोंड कडू करायच्या.

पुढे माझ्याही रक्तात चरबी निघाली आणि मलाही तसलीच गोळी लागली. वहिनींना मनापासून आनंद झाला. "चाल, आता सोबत झाली." दोघी जेवून आपापल्या ओट्यावर यायचो, भिंतीवर दोन पेले ठेवायचो. त्या म्हणायच्या, "घे आपली चरबीची गोळी," आणि दोघी एकदमच गिळायचो. मग गल्लीतल्या गप्पा. त्या वेळी आगगाडी जायची, तिचा आवाज ओसरेपर्यंत त्या बोलणं थांबवायच्या आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या.

या गोळीबद्दल गावात काय काय बोललं जायचं! कोणी म्हणे लिव्हर खाते, कोणी म्हणे साखर लावते. मोबाईलवर तर रोज नवीन. सौंसरहून त्यांचा मावसभाऊ आला, तो म्हणाला, "कुसुमबाई, या गोळीनं माणूस विसरभोळा होते. आमच्या व्याह्याले आता घर सापडत नाही."

"कोणत्या व्याह्याले?"

"ते आपले... काय त्यांचं नाव..."

"तूही घेऊन राह्यला काय गोळी?" वहिनींनी विचारलं.

पण तो गेल्यावर त्यांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या जुन्या बागेतल्या झाडांना नावं होती, सगळी नातेवाइकांची. ज्याचं फळ आंबट ते सासूबाई. जे एक वर्ष लगडून यायचं आणि दुसऱ्या वर्षी रुसायचं ते प्रमोदचे मामा. मावसभाऊ गेला त्या दिवसापासून वहिनी ओट्यावर बसून ओळीने झाडांची नावं म्हणायला लागल्या, स्मरणशक्ती तपासायला. एक दिवस विहिरीजवळच्या ओळीत अडकल्या. सासूबाई झाल्या, थोरल्या नणंदबाई झाल्या, पुढचं नाव येईना. चेहरा उतरला. "मॅडम, लागली वाटते गोळी डोक्याले." जेवल्या नाहीत नीट.

सकाळी मी दूध तापवत होते तर भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज. "मॅडम! अवो ते झाडच नाही तिथं! मागच्या वादळात पडलं. झाडच नाही तं नाव कुठून आठवन?" त्यानंतर गोळीवरचा तो आरोप त्यांनी मागे घेतला आणि नावं म्हणणं बंद केलं.

आता मुख्य गोष्ट. त्यासाठी तुम्हाला ताण म्हणजे काय ते कळलं पाहिजे. संत्र्याचं झाड नुसतं पाणी देत राहिलं तर पानंच वाढवत बसतं. म्हणून थंडीत, मार्गशीर्ष-पौषाच्या सुमाराला, बागेचं पाणी पूर्ण तोडतात. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात. पाहणाऱ्याला वाटतं बाग गेली. मग ठरल्या वेळी पुन्हा पाणी सोडलं, की सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. या पाणी तोडण्याला ताण देणं म्हणतात.

एका पौषात मी नेहमीप्रमाणे दोन पेले भिंतीवर ठेवले. वहिनी आल्या, बसल्या, नुसतं पाणी प्यायल्या.

"गोळी?" मी विचारलं.

"तान देला."

"कोणाला?"

"मले."

त्या शांतपणे समजावायला लागल्या. रोज रोज मिळालं की अंगालाही सवय होते, मग गोळी लागू पडत नाही. पौषात बागेसोबत गोळीही बंद ठेवायची, बागेला पाणी सोडलं की गोळी सुरू करायची. मग ती नव्या जोमाने लागते. तपासणी त्या दिवाळीत करायच्या, तोपर्यंत गोळी कित्येक महिने नीट चालू असायची, म्हणून रिपोर्ट चांगलाच यायचा. मागचे पौषही असेच गेले होते. तेव्हा मी नेमकी तुमच्याकडे किंवा पुण्याला असायची, म्हणून मला पत्ता नव्हता.

"डॉक्टरीणबाईंना विचारलंत का?"

"त्याईले संत्र्यातलं काय समजते?"

हे मात्र खरं नव्हतं. आमच्या डॉक्टरीणबाई सौंसरकडच्या एका संत्रेवाल्याच्याच घरातल्या. वयाने लहान, पण पेशंटचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. मी रोज भिंतीवर पेला ठेवताना तोच विषय काढायला लागले. शेवटी वैतागून वहिनी म्हणाल्या, "चाल बापा, एकदाची दाखवून येते. तुही कटकट तं बंद होईन."

रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. "काकू, दिवाळीत इतकं छान होतं. आता एवढी चरबी कशी वाढली? गोळी घेऊन राहिल्या ना?"

"घेते."

"रोज?"

"रोजच. फक्त पौषात नाही. तान देते."

मला वाटलं, आता या रागावणार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बागेच्या बांधावर बसल्यासारखं विचारलं, "काकू, बागेत सगळ्याच झाडांना ताण देता?"

"सगळ्याईले. बिना तानाचं फुलन कसं?"

"आणि एखादं झाड शेंड्यापासून वाळत चाललं असलं तर?"

"त्याले नाही. आजारी झाडाले तान देला तं फुलणं राह्यलं बाजूले, ते जागेवर वाळते. त्याचं पानी चालूच ठेवा लागते. थोडं थोडं, पन..."

वहिनी मध्येच थांबल्या. बाहेर कंपाउंडर कोणाला तरी नंबर सांगत होता. वहिनींनी हातातली काठी आडवी करून मांडीवर ठेवली आणि ब्लाउजच्या गळ्याशी हात नेला, जिथे आत कुठेतरी ती जाळी होती.

"तुम्ही खूप जपून राहिल्या त्या नव्या कलमांना, मला माहीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता खरं सांगा. फक्त सवय मोडायला बंद करत होत्या, की काही त्रास आहे?"

तेव्हा बाहेर आलं. मांड्या आणि पोटऱ्या दुखायच्या. माहेरच्या माणसांबरोबर सौंसरहून जामसांवलीच्या मारुतीला पायी जायचा त्यांचा दर पौषातला नेम. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी त्या अर्ध्या वाटेत बसल्या आणि मोटारसायकलवर बसून मंदिरात पोहोचल्या. त्याची त्यांना फार लाज वाटली. पुढच्या पौषात गोळी बंद ठेवली, पाय मोकळे झाले, पूर्ण चालल्या. बागेच्या ताणाची गोष्ट त्यानंतर मनाने जुळवली होती.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही म्हटलं असतं, म्हातारी आहे, पाय दुखनारच."

"नसतं म्हटलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी आम्हा दोघींना नीट सांगितलं. इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला जे माहीत आहे ते असं. ही गोळी घेणाऱ्या काही जणांचे स्नायू खरंच दुखतात. तो खोटारडेपणा नाही. कोणाची साखर थोडी वाढते. लिव्हरला त्रास क्वचित होतो, आणि तो तपासता येतो. बहुतेकांना वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ज्याला एकदा हृदयाचा झटका येऊन गेला आहे, त्याने ती आपल्या मनाने बंद केली तर चरबी काही आठवड्यांतच वर चढते, आणि चढताना काही दुखत नाही, काही कळत नाही. पाय दुखले तर कळतं तरी. म्हणून त्रास झाला तर गोळी टाकून द्यायची नाही, सांगायचं. दुसरी असते, कमी ताकदीची असते, वाट काढता येते.

मग त्यांनी स्नायूंची तपासणी लिहून दिली आणि म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस गोळी बंदच ठेवा. पाय कसे राहतात ते पाहू, मग दुसरी देते."

वहिनींचे डोळे चमकले. "म्हणजे तान देलाच की!"

"मी सांगून दिला, काकू. आणि पाणी कधी सोडायचं तेही मीच सांगीन."

दुसरी गोळी कमी ताकदीची होती. दुखणं पुष्कळ गेलं. थोडं राहिलं, ते वहिनींनी वयाच्या नावावर टाकलं. पुढे साखर किंचित चढली, तेव्हा चहातली साखर अर्धी केली आणि चहा पिताना प्रत्येक वेळी कपाकडे रागाने पाहायला लागल्या. पुढच्या पौषात गोळी चालू ठेवून जामसांवलीला गेल्या, हळूहळू, थांबत थांबत. तिथला मारुती पहुडलेला आहे. परत आल्यावर म्हणाल्या, "पोचली. तो तं निजून असते बापा, त्याले काय माहीत पायाचं दुखनं!"

आणि नव्या कलमांचा पहिला बहार त्यांनी पाहिला. फुलं आली तेव्हा वासाने रस्त्यावरची माणसं थांबायची. वहिनी दिवसभर तिथेच. फळं तयार झाल्यावर प्रमोद, त्याची बायको, आबा, मी, डॉक्टरीणबाईसुद्धा, सगळ्यांना बागेत बोलावलं. पहिलं फळ काठीने नाही, हाताने तोडलं. साल एका पट्टीत उतरवली. फोडी वाटल्या. सगळ्यांनी तोंडात टाकल्या आणि सगळ्यांचेच डोळे बारीक झाले. फळ जाड सालीचं होतं आणि चांगलंच आंबट.

वहिनींनी आपली फोड नीट चावून खाल्ली, बिया हातात घेतल्या. "कोवळ्या झाडाचं पहिलं फळ असंच राह्यते. पुढच्या वर्षीचं पाहा." मग माझ्याकडे वळून, कपाळाला आठ्या घालत म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, आता पुढच्या वर्षीपर्यंत राह्यनं आलं."

त्या पुढच्या वर्षीचं फळ गोड होतं. त्याच्या पुढच्या वर्षीचं त्याहून. तोवर पांढुर्णा जिल्हा झाला, आजूबाजूच्या शेतांत प्लॉटचे दगड लागले, तरी त्यांची बाग तशीच राहिली. गेल्या चैत्रात साध्या तापाने सुरुवात झाली, छातीत कफ भरला आणि त्या गेल्या. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "हृदयानं शेवटपर्यंत साथ दिली." गोळीने त्यांना किती वर्षं दिली, हे कोणी सांगू शकत नाही. मी जेवून ओट्यावर येते तेव्हा अजून कधी कधी भिंतीवर दोन पेले ठेवते. आगगाडी गेली की मग एक आत नेते.

त्यांना बागेत शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या पौषात. भरीत-भाकर खायला त्यांनी मला बोलावलं होतं. वांगी गोवरीवर भाजली, दोघीच जेवलो. ऊन उतरायला आलं होतं. नवी बाग ताणावर होती, पानं वळलेली, बारीकशा वाऱ्यातही कोरडी वाजणारी. वहिनींनी कमरेचा बटवा सोडला, गोळी काढली. मी माझी पर्समधून काढली. पाणी तांब्यात होतं, घरून आणलेलं. त्या महिन्यात त्या बागेत पाणी म्हणजे तेवढंच. आधी मी प्यायले, मग त्या.

तांब्या खाली ठेवता ठेवता त्यांनी सगळ्या झाडांवरून नजर फिरवली. "आपन पिऊन राह्यलो आन हे पाहून राह्यले. मनात म्हनत असतीन, म्हातारीची मजा आहे."

आम्ही निघालो. फाटकाजवळ कडेला एक झाड होतं, इतरांपेक्षा बुटकं, शेंड्याच्या दोन काड्या वाळलेल्या. त्याला त्यांनी जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवली होती. तिथे त्या थांबल्या. काठीने मुळाशी माती उकरली, वाकून बोटाने ओल पाहिली, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी हळूहळू त्या आळ्यात ओतलं.

"याले तान नाही," त्या म्हणाल्या. मग तांब्या पालथा करून शेवटचा थेंब झटकला, काठी काखेत घेतली आणि माझ्यापुढे चालायला लागल्या.